आईची जोखीम

पौडातला न्हावी मी आजवर दोनदा बदललाय. ट्रॅक्टरवाला तर दर पावसाळ्यात बदलतो, आणि त्यासाठी मला कधी कुणाची परवानगी लागली नाही. पण आईच्या पैशाला सल्ला देणारा माणूस बदलायची वेळ आली तेव्हा माझी चांगलीच जिरली. कारण तो माणूस म्हणजे आमचे दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आईचे एकुलते एक जावई. जावयाला कामावरून काढायचा फॉर्म कुठल्याही ऑफिसात मिळत नाही. मी चौकशी केलेली आहे.

आमचं गाव रिहे. घराला लागूनच माझी रोपवाटिका आहे. खोऱ्यात फार्महाऊस झाली तसे लोक माझ्याकडं चाफा, बकुळ, अंगणातलं गवत मागायला लागले. भात आम्ही अजून लावतो, पण घर चालतं ते रोपांवर. आईचं माहेर नेऱ्याचं. तिथली जमीन बिल्डरला गेली तेव्हा मामांनी फार मोठं मन दाखवलं. बहिणीपुढं एक साडी आणि हक्कसोडीचा कागद ठेवायची आपल्याकडची रीत त्यांनी पाळली नाही. तिचा वाटा सरळ तिच्या खात्यात टाकला. सत्तरी ओलांडल्यावर आईच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी आलं होतं. चार दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. पाचव्या दिवशी चहा ओतता ओतता म्हणाली, "पावण्यास्नी इचारून ह्ये कुटं तरी नीट ठिवा."

पावणं म्हणजे दाजी. ताईचं सासर माले. दाजींची पौडात एका दुकानावरती खोली आहे, तिथं ते विमा, गाड्यांचे इन्शुरन्स आणि म्युच्युअल फंडाची कामं बघतात. माणूस मोजकं बोलणारा, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. घरात असा जाणकार माणूस असताना बाहेर कुणाला विचारायचं? माझ्या तर मनातसुद्धा आलं नाही.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आई दाजींशी समोरासमोर बोलत नसे. भांडण वगैरे काही नाही हो, मान! जावयापुढं सासूनं तोंड वर करून बोलायचं नाही, ही तिच्या आईची शिकवण, आणि ती तिनं पंचवीस वर्षं धरून ठेवली होती. दाजी हॉलमध्ये खुर्चीवर बसायचे, आई स्वयंपाकघराच्या दाराआड डोक्यावर पदर घेऊन उभी, आणि मधे उंबऱ्यावर ताई. "भाकरी घ्या म्हनावं की अजून," आई आतून म्हणायची. दाजींना ते लख्ख ऐकू यायचं, पण ते ताईकडं बघत थांबायचे. ताई म्हणायची, "भाकरी घ्या." दाजी म्हणायचे, "बास." ताई आत वळून म्हणायची, "बास म्हनत्यात." सहा पावलांचं अंतर, पण प्रत्येक शब्दाला ताईचा शिक्का लागायचा. पोरं हसायची, आम्हाला मात्र त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं.

फॉर्म भरायचा दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी मी घरात नव्हतो. जावई कागदपत्रांसाठी आला म्हणून काय झालं, जावई तो जावईच. गावरान कोंबडा आणायला मी वरच्या आळीला गेलो, आणि तो कोंबडा असा काही पळाला की त्याच्या मालकाला आणि मला दोघांना चिखलातून अर्धा तास नाचवलं. घामाघूम होऊन परत आलो तर कागद भरून झाले होते. आईनं आपली मोठाल्या अक्षरांतली सही ठोकली होती. "झालं का नीट?" मी विचारलं. "झालं," ताई म्हणाली. मग आम्ही सगळे पोटभर जेवलो आणि विषय संपला.

पहिलं वर्ष गोडीत गेलं. पैसे वाढतायत असा कागद यायचा, मी तो आईला वाचून दाखवायचो, ती मान हलवायची. मग बाजार पडला. एका कागदावर आकडा असा आला की आईनं ठेवले त्यापेक्षाही ते कमी दिसत होते. मी तो कागद उलटा करून बघितला, पाठीमागं काही लिहिलंय का म्हणून. नव्हतं.

माझा स्वभाव असा की आधी डोकं तापतं आणि मग विचार सुचतो. उभ्या उभ्या दाजींना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "बाजार खाली आहे. थांबायचं असतं अशा वेळी." मी म्हणालो, "कुणाच्या जिवावर थांबायचं? तुमच्या का आईच्या?"  मग मी आणखी चढलो. काय काय बोललो ते आता आठवत नाही असं सांगतो, पण आठवतं. नर्सरीतले मजूर हातातली कामं टाकून बघत होते.

फोन ठेवला आणि मोबाईलवर वाचायला बसलो. आईचे पैसे ज्या फंडांत होते ते सगळ्यात जास्त वर-खाली होणारे निघाले. तरण्याताठ्या, पगारदार माणसानं घ्यावेत असे. हे एका म्हाताऱ्या बाईच्या गळ्यात का बांधले? माझ्या डोक्यात एकच उत्तर आलं, कमिशन. बायकोला तसं बोललोही. ती म्हणाली, "हळू बोला, ताईंच्या कानावर गेलं म्हणजे?" हळू बोलणं मला जमत नाही. आतून आईनं ऐकलं. ती बाहेर आली, मिरच्या निवडायचं सूप हातात तसंच.

"ह्ये बग," ती म्हणाली, "पैसा ग्येला तर जाऊ दे. जमीन ग्येली नेऱ्याची, तितं पैशाचं काय घिऊन बसलास? पर माज्या लेकीचं येनं तुटाय नगं. त्ये तुटलं तर म्या तुला माफ करनार न्हाई."

आणि नेमकं तेच व्हायला लागलं. ताई आधी महिन्यातून एक-दोनदा शनिवारी यायची आणि मुक्काम करायची. आली की आईच्या केसांना तेल, माझ्या नर्सरीत लुडबूड, बायकोबरोबर कपाटं उपसणं. त्या फोननंतर ती येईना. भाऊबीजेला आली ती सकाळी ओवाळून दुपारच्या गाडीनं परत. "शाळा हायेत पोरांच्या," म्हणाली. दिवाळीच्या सुट्टीत कसली शाळा? आईनं तिला चिवड्याचा डबा बांधून दिला आणि ती वळणाआड जाईपर्यंत दारात उभी राहिली.  मला वाटायचं, दाजींनी ताईला सगळं सांगितलंय आणि ती नवऱ्याच्या बाजूनं रुसलीय. आईलाही तेच वाटत होतं.

तरी माझी खुमखुमी जिरली नव्हती. दाजींना न कळवता दुसरा माणूस शोधायचा, असं मी ठरवलं. आधी गेलो हिंजवडीला. काचेचं ऑफिस, गार हवा, कॉफी. एक पोरगेलासा साहेब म्हणाला, "सर, आजींचा पोर्टफोलिओ फार अ‍ॅग्रेसिव्ह आहे, आपण रिबॅलन्स करू." मला बरं वाटलं, कुणीतरी माझ्यासारखंच बोलतंय. पण कॉफी संपायच्या आत त्यानं आईसाठी वीस वर्षांची विमा योजना पुढं केली. आईला वीस वर्षांची योजना! मी म्हणालो, "साहेब, हप्ते भरायला ती वर गेल्यावर कुणाला पाठवू?" त्याला विनोद वाटला. मी उठून आलो.

मग गावातल्याच एकानं दामदुपटीची योजना सांगितली. त्याला मी चहासुद्धा दिला नाही.

शेवटी माणूस सापडला तो माझ्याच नर्सरीत. म्हणजे बाई सापडली. खोऱ्यात तिच्या आई-वडिलांचं फार्महाऊस आहे, ती दर रविवारी येते. माझ्याकडून नेलेल्या आंब्याचं कलम मेलं म्हणून ती वाळकी काडी हातात घेऊन भांडायला आली होती. भांडण चांगलं अर्धा तास चाललं. मी म्हणालो पाणी जास्त झालं, ती म्हणाली कलमच कच्चं होतं. कलम कच्चं होतं. बोलता बोलता कळलं की ती पुण्यात लोकांना पैशाचे सल्ले देते. मी विचारलं, "म्हणजे फंड विकता?"

"काहीच विकत नाही. कुणाकडून कमिशन घेत नाही. सल्ल्याची फी घेते."

"नुसत्या बोलण्याचे पैसे?"

"तुम्ही मागच्या महिन्यात आमच्या बागेत येऊन नुसतं बघून गेलात. त्याचे घेतलेत ना?"

मी मुकाट्यानं नवीन कलम आणून तिच्या गाडीत ठेवलं. तोवर एवढं शिकलो होतो की अशा माणसाला आधी सल्ला द्यायची अधिकृत नोंदणी विचारायची. तशी विचारली. ती चिडली नाही, उलट खूश झाली. मोबाईलवर दाखवली, नंबर कुठं तपासायचा तेही सांगितलं, आणि म्हणाली, "तपासा आणि मगच फोन करा. येताना जुने कागद लागतील, सगळे. आणि मला आजींशी बोलायचंय, तुमच्याशी नाही." हे शेवटचं मला जरा लागलं.

पुढच्या रविवारी ती घरी आली. आईनं तिला हॉलमध्ये बसू दिलंच नाही, सरळ स्वयंपाकघरात नेलं. आई तांदूळ निवडत होती, ती बाई समोर पाटावर बसली आणि निवडायला लागली. मी दाराशी उभा. थोड्या वेळानं तिनं हात झटकले, जुना फॉर्म काढला आणि वाचू लागली.

"आजी, इथं लिहिलंय की पैसे तुम्हाला दहा वर्षं तरी लागणार नाहीत. असं तुम्ही सांगितलंत?"

"पावण्यांनी लेकीकरवी इचारलं, कवा लागतील. म्या म्हनलं, मी हाय तवर न्हाई."

"बरं. तोटा झाला तर घाबरणार नाही, असं लिहिलंय."

"म्हनलं, पावणं हायेत की बगायला."

बाईनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग पुन्हा कागदात. "आणि ही जोखीम. कमी, मध्यम, जास्त. तुम्ही 'जास्त' सांगितलीत. का बरं?"

आईनं हातातलं ताट खाली ठेवलं. उठली, खिडकी लावली. मला म्हणाली, "तू जरा भाइर हो." मी हललो नाही. मग ती बाईच्या कानाशी वाकली आणि हळू आवाजात, पण मला स्पष्ट ऐकू येईल असं म्हणाली, "हाय की जास्त. खोटं कशाला सांगू? ठुशी हाय, बोरमाळ हाय, पाटल्या हायेत, सासूची मोहनमाळ हाय. पर कुटं बोलायचं न्हाई हां. समदं तांदळाच्या कणगीत हाय, तळाला."

क्षणभर काय झालं ते मला कळलंच नाही. मग कळलं, आणि मी दाराची चौकट धरली. आमच्याकडं जोखीम म्हणजे सोनंनाणं. लग्नाला निघालेल्या बाईला आम्ही सांगतो, जोखीम सांभाळ गं. एसटीत जोखीम अंगावर घालून बसू नको. आईच्या काय, ताईच्याही उभ्या आयुष्यात त्या शब्दाला दुसरा अर्थ नव्हता. फॉर्म छापणाऱ्यानं शुद्ध मराठीत विचारलं, जोखीम किती? दाजींनी ते तसंच वाचलं, ताईनं ते आत नेलं, आणि आईनं तिच्या कानात खरं तेच सांगितलं. ताईनं बाहेर येताना गुपित आतच ठेवून फक्त एक शब्द आणला, "जास्त." दाजींनी त्यावर खूण केली. मी त्या वेळी कोंबड्याच्या मागं धावत होतो.

बाईनं ओठ घट्ट मिटले होते. तिला हसू आवरत नव्हतं आणि आईसमोर हसायचं नव्हतं. आई आमच्या दोघांकडं बघत म्हणाली, "काय झालं? कमी सांगाय पायजे हुती का?"

मग आम्ही हसलो. बाई तर डोळे पुसायला लागली. तिनं आईला दुसऱ्या जोखमीचा अर्थ समजावून सांगितला. आईनं नीट ऐकलं आणि विचारलं, "मंजी म्या म्हनलं, माजा पैसा बुडला तरी चालंल?"

"जवळजवळ तसंच."

"आगं बया!" आई म्हणाली, आणि तोंडावर पदर धरून तीही हसायला लागली.

पण माझं हसू लवकर संपलं. वर्षभर मी एका माणसाला मनातल्या मनात चोर ठरवलं होतं. नुसतं मनात कुठलं, बायकोजवळ बोललो होतो, फोनवर त्यालाच सुनावलं होतं. त्यानं काय केलं होतं? सासूनं जे सांगितलं ते लिहिलं होतं. मला खरंच लाज वाटली. (आणि ती तांदळाची कणगी मी गेल्या साली रंगकामाच्या वेळी चार दिवस उघड्या पडवीत ठेवली होती, त्याची भीती वेगळीच.)

बाईनं सांगितलं, पैसे बुडालेले नाहीत, खाली आलेत. घाईनं काढायचे नाहीत, हळूहळू सुरक्षित जागी हलवायचे, आणि आईच्या हातात दर महिन्याला काहीतरी येईल असं करायचं. कागदोपत्री जुन्या एजंटची परवानगी लागत नाही. "पण त्यांना कळणारच," ती म्हणाली. "कागदावरून कळण्याआधी तुम्ही सांगा."

ती गेल्यावर मी आईला म्हणालो, "राहू दे आता. दाजींकडंच राहू दे. त्यांची काही चूक नाही. ते सांगतील तसं हलवू." मला वाटलं, ती खूश होईल. तिलाच तर लेकीचं येणं तुटायला नको होतं.

ती म्हणाली, "न्हाई. बदलायचं."

"अगं, कालपर्यंत तूच म्हणत होतीस..."

"कालपत्तुर मला ठावं न्हवतं काय घोळ हाय. त्यो मानूस चांगला हाय, म्हनूनच बदलायचं. त्या पोरीला मी धा गोष्टी इचारल्या, तिनं मला पंधरा इचारल्या. पावण्यास्नी मी येक तरी इचारू शकते का? ज्याला इचारता येत न्हाई त्याच्या हाती पैसा दिऊन त्येच्या बी डोक्याला घोर आन् माज्या बी."

"मग सांगणार कोण त्यांना? मी नाही सांगणार. माझं तोंड नाही."

"तुला कोन सांगाय सांगतंय? तुज्या तोंडानं आदीच लई झालंय."

पुढच्या शनिवारी दुपारी दोघांना जेवायला बोलावलं. आईनं फोन मला करायला लावला. मी घसा खाकरत दाजींना म्हणालो, या म्हणून. ते "येतो" म्हणाले, एवढंच. आले तेव्हा त्यांच्या काखेत एक फाईल होती, जाडजूड. ताई त्यांच्या मागं, माझ्याकडं न बघता आत गेली. दाजी त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर बसले. खिशाला दोन पेनं. मी हवापाण्याच्या गप्पा काढल्या, त्या दोन मिनिटांत संपल्या.

मग आई बाहेर आली. डोक्यावर पदर होता, पण ती दाराशी थांबली नाही. चालत आली, दाजींच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसली. ताई उंबऱ्यावर होती, ती सवयीनं तोंड उघडून उभी राहिली. आई तिला म्हणाली, "तू बस गं. माजं मी बोलते."

दाजी उठून उभे राहिले. काय करावं त्यांना कळेना. आई म्हणाली, "बसा पावणं. बसा."  जोखमीचा सगळा घोळ तिनं सांगितला, ठुशी-बोरमाळेसकट, फक्त कणगी वगळून. मग म्हणाली, "चूक तुमची न्हाई. पर आता ह्ये काम मी दुसऱ्याकडं देनार हाय. तुमी राग धरू नका. तुमी माजं जावई हायसा, माजं एजंट नगं."

दाजी आधी हसले. खोकला यावा तसं हसू आलं त्यांना, थांबेचना. आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. मला वाटतं, त्या पुसण्यात सगळंच हसू नव्हतं.

"आई," ते म्हणाले, "वर्ष झालं, या घरी जेवायला बसायचं म्हटलं की घास फिरतो तोंडात. वाटतं आता विचारतील, मग विचारतील. समोर बसून कुणी विचारलंच नाही. मी प्रत्येक महिन्याचा कागद या फाईलमध्ये लावून ठेवलाय, विचारलंत तर दाखवायला."

"मग तुमी का न्हाई बोललात?"

"कुणाशी बोलू? तुम्ही आत."

 मग दाजी माझ्याकडं वळले. "आणि कमिशनचं तुम्ही मनात धरलं असेल, तर ते मिळालं मला. नियमाप्रमाणं मिळतं. मी गाडीला टायर घातले."  मी म्हणालो, "दाजी, मी फोनवर जे बोललो ते चुकलं माझं." ते म्हणाले, "आवाज चांगला आहे तुमचा. लाऊडस्पीकरची गरज नाही." एवढा मोठा विनोद मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

जेवायला आईनं स्वतः वाढलं, समोर उभं राहून. "अजून घ्या," म्हणाली. दाजी म्हणाले, "बास." आई म्हणाली, "बास काय, घ्या!" आणि ताटात भात पडला. मधे कुणीही नव्हतं. फाईल आईनं मागून घेतली आणि कपाटात ठेवली.

संध्याकाळच्या आत दाजी निघाले. ताई पायात चपला घालून दाराशी आली, आणि तिथंच थांबली. "तुमी व्हा म्होरं," ती त्यांना म्हणाली, "मी ऱ्हाते." दाजींनी मान हलवली आणि गाडी काढली. आई तिच्याकडं बघतच राहिली. मग तेलाची बाटली शोधायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नर्सरीत पिशव्यांत माती भरत होतो. ताई आली आणि समोर बसली, तिला हे काम लहानपणापासून आवडतं. थोडा वेळ आम्ही दोघं नुसते भरत राहिलो. मला बोलायचं होतं, म्हणून मीच सुरुवात केली. "ताई, वर्षभर तू रागावून आली नाहीस. आईनं फार मनाला लावून घेतलं होतं गं."

"राग?" ती म्हणाली. "राग कुनाचा?"

"माझा. दाजींना बोललो म्हणून."

तिनं पिशवी आपटून माती खाली बसवली, वरून आणखी घातली.

"तुजा फोन आला तवा मी शेजारीच हुते. समदं ऐकू येत हुतं. त्यांनी फोन ठिवला आन् कायबी बोललं न्हाईत. म्होरल्या आटवड्यात गाडीला नवं टायर आलं." तिनं पिशवी बाजूला ठेवली. "हितं यायला मला तोंड न्हवतं. आईच्या म्होरं बसून तिच्या हातचं कसं खाऊ?"

मला कळायला वेळ लागला. 

"तू त्यांस्नी चोर समजत हुतास न्हवं?" तिनं विचारलं.

खोटं बोलण्यात आता काही अर्थ नव्हता. "व्हय," मी म्हणालो.

ताईनं मातीचा हात तसाच डोळ्यांवरून फिरवला.

"मी बी," ती म्हणाली.